साथीच्या दिवसांत मोडलेले हाड

मधल्या सुट्टीत एखादा मुलगा पळता पळता पडतो. हात टेकतो आणि मनगटाच्या वर हाड मोडते. हा प्रसंग न पाहिलेला शिक्षक विरळाच. मग धावपळ सुरू होते. कोणी फूटपट्टी बांधतो, कोणी रुमालाची झोळी करून देतो, कोणी मोटरसायकल काढतो. गाव शिरूर किंवा दौंड तालुक्यातले असेल तर आधी जवळचा दवाखाना, मग तालुक्याच्या गावी एक्स-रे आणि प्लॅस्टर. शस्त्रक्रियाच करायची ठरली तर बरेचजण पुण्याची वाट धरतात. शिरूरहून पुणे ६५-७० किलोमीटर, दौंडहून रेल्वेने सुमारे ७५.

आता हाच मुलगा एप्रिल २०२० मध्ये अंगणात पडला असे समजा. रस्त्यावर नाकाबंदी, एसटी बंद, रेल्वे बंद. पुण्यातील मोठ्या सरकारी रुग्णालयाची नवी इमारत कोविडच्या रुग्णांसाठी राखलेली. घरची माणसे म्हणतात, "तिकडे नेले तर हाताचे राहील बाजूला आणि दुसरेच काहीतरी घेऊन येऊ." या मुलाच्या हाडाचे काय होणार?

प्रश्न साधा वाटतो. पण साथीचा रोग आणि मोडलेले हाड यांचा संबंध काय, हे पाहू लागलो की तो आपल्याला दोनशे वर्षे मागे नेतो. शिरूर आणि दौंड ही दोन गावे या इतिहासाची चांगली साक्षीदार आहेत. एक लष्करी छावणीचे गाव, तर दुसरे रेल्वेच्या जंक्शनचे. आणि सैन्य व रेल्वे या दोन गोष्टींनी आपल्याकडे हाडेही मोडली आणि साथीही पसरवल्या.

हाडाचे घड्याळ

आधी थोडे जीवशास्त्र पाहू, कारण पुढचा सगळा इतिहास त्यावर उभा आहे.

हाड मोडते तेव्हा त्यातील रक्तवाहिन्याही तुटतात. मोडलेल्या टोकांभोवती रक्त साखळते. पहिल्या काही दिवसांत तेथे सूज येते, मेलेल्या पेशी साफ होतात आणि दुरुस्ती करणाऱ्या पेशी जमू लागतात. दोन-तीन आठवड्यांत दोन टोकांमध्ये कूर्चेसारखा मऊ सांधा तयार होतो. पुढे त्यात कॅल्शियमचे क्षार साचून तो टणक होतो. मोठ्या माणसात याला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. त्यानंतर कित्येक महिने, कधी वर्षे, हाड स्वतःला घासूनपुसून मूळ आकाराकडे नेत राहते.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की टोके सरळ असोत की वाकडी, सांधण्याचे काम सुरू होतेच. हाड डॉक्टरची वाट पाहत नाही. लहान मुलात आठ-दहा दिवसांत आणि मोठ्यांत दोन-तीन आठवड्यांत वाकडे बसलेले हाड जागीच धरू लागते. त्यानंतर ते नुसते ओढून सरळ होत नाही. पुन्हा कापून बसवावे लागते आणि ही शस्त्रक्रिया मूळ उपचारापेक्षा कितीतरी अवघड असते.

काही हाडांचे घड्याळ याहून वेगाने चालते. कातडी फाटून हाड बाहेर आले असेल तर काही तासांत जखम धुऊन साफ करायला हवी, नाहीतर पू धरतो. म्हाताऱ्या माणसाचा खुबा मोडला तर साधारण ४८ तासांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी असे मानतात. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला न्यूमोनिया, पाठीवरच्या जखमा आणि रक्ताच्या गुठळ्या गाठतात. खुब्याचे हाड स्वतः जीव घेत नाही, पडून राहणे घेते.

साथीलाही स्वतःचे घड्याळ असते. ती आठवड्यांत चढते, महिन्यांनी उतरते आणि पुन्हा चढते. ही दोन घड्याळे एकमेकांच्या आड येतात तेव्हा काय होते, ते आता पाहू.

शिरूरची छावणी, १८१८

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी घोडनदीच्या काठी शिरूरला ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेची मोठी छावणी होती. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमा येथे लढलेली कंपनीची तुकडी आदल्या रात्री शिरूरहूनच निघाली होती. तिच्याबरोबर दोन सहायक सर्जन होते. त्यातील एक लढाईत मारला गेला. उरलेली तुकडी जखमींना घेऊन शिरूरला परतली. (हे कोरेगाव आजही शिरूर तालुक्यातच आहे.)

त्या काळी जखमीला मिळणारे उपचार आपल्याला क्रूर वाटतील. भूल देण्याची रीत सार्वजनिकरीत्या दाखवली गेली ती १८४६ मध्ये. जंतूंची कल्पना तर आणखी दूर होती. गोळीने हाडाचा चुरा झाला की बहुतेक वेळा हात किंवा पाय कापणे एवढाच मार्ग असे. सर्जनची ख्याती त्याच्या वेगावर ठरे.

त्याच वर्षी पावसाळ्यात दुसरा शत्रू आला. १८१७ मध्ये बंगालमध्ये जेसोरकडे उसळलेला कॉलरा फौजांबरोबर आणि यात्रेकरूंबरोबर पसरत १८१८ च्या मध्यास दख्खनमध्ये पोचला. मुंबईच्या मेडिकल बोर्डाने या साथीवर १८१९ मध्ये जो अहवाल छापला, त्यात शिरूरच्या छावणीतून आलेली पत्रेही आहेत. उपचार त्या काळच्या समजुतीप्रमाणे: रक्त काढणे, पाऱ्याचे कॅलोमेल आणि अफू. शरीरातील पाणी वेगाने कमी होत असलेल्या माणसाचे रक्त काढणे किती घातक, हे आज शाळकरी मूलही सांगेल.

आपल्या विषयाच्या दृष्टीने यातील महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. पलटणीचा सर्जन एकच. गोळी काढणारा तोच, हाड बसवणारा तोच आणि कॉलऱ्याशी झुंजणाराही तोच. 'अस्थिरोगतज्ज्ञ' ही जात अजून जन्मायची होती. ज्या व्यवस्थेत एकच माणूस सगळे करतो, तेथे साथ आली की ती त्या माणसाचा सगळा वेळ घेते आणि बाकीचे आजारी आपोआप मागे पडतात. हे सूत्र लक्षात ठेवू, कारण दोनशे वर्षांनी ते पुन्हा भेटणार आहे.

छावणीबाहेरच्या गावकऱ्यांसाठी हाडवैद्य होता. ही परंपरा जुनी आहे. सुश्रुतसंहितेत हाड मोडण्याचे आणि सांधा निखळण्याचे प्रकार वेगवेगळे सांगितले आहेत. बांबू आणि झाडांच्या साली वापरून बांधायच्या पट्ट्यांचेही वर्णन आहे. गावचा हाडवैद्य ग्रंथ वाचून शिकलेला नसे. बापाचा हात पाहून शिकलेला असे. या शिकण्याच्या पद्धतीकडेही आपण पुढे परत येऊ.

दौंड जंक्शन, प्लेग आणि मोठा ताप

१८५८ मध्ये रेल्वे पुण्याला आणि त्याच वर्षी भीमेकाठाने पुढे गेली. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि दौंड जंक्शन झाले. रेल्वेने नव्या तऱ्हेच्या दुखापती आणल्या. डबे जोडताना मध्ये सापडलेला हात किंवा रुळावर चिरडलेला पाय यांना हाडवैद्याच्या बांबूच्या पट्ट्या पुरणाऱ्या नव्हत्या.

याच काळात हाडाचे वैद्यक झपाट्याने बदलत होते. १८५२ च्या सुमारास मॅथिजसेन या डच लष्करी डॉक्टरने प्लॅस्टर ऑफ पॅरिसची पट्टी रूढ केली. १८६५ मध्ये जोसेफ लिस्टरने जंतुनाशक कार्बोलिक आम्लाचा पहिला यशस्वी वापर केला, तो गाडीखाली सापडून नडगीचे हाड बाहेर आलेल्या अकरा वर्षांच्या मुलावर. पाय कापावा लागला नाही. १८९५ च्या अखेरीस रॉन्टगेनला क्ष-किरण सापडले आणि मोडलेले हाड कातडी न फाडता दिसू लागले.

पण शोध लागणे आणि तो शिरूर-दौंडच्या माणसापर्यंत पोचणे यांत मोठे अंतर असते. क्ष-किरणांच्या शोधाला वर्ष व्हायच्या आत, सप्टेंबर १८९६ मध्ये, मुंबईत प्लेग उघडकीस आला आणि लवकरच पुण्यातही शिरला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. पुण्यात सैनिकांकडून घरोघर झडत्या घेतल्या गेल्या, रोग्यांना सक्तीने इस्पितळात आणि घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत नेले गेले. त्यातून संताप किती पेटला आणि २२ जून १८९७ च्या रात्री काय घडले, हे आपण इतिहासाच्या तासाला शिकवतोच.

त्या पाठात सहसा न येणारा एक धागा येथे घेऊ. इस्पितळ म्हणजे जेथून माणूस परत येत नाही अशी जागा, ही भीती त्या वर्षांनी घराघरांत रुजवली. लोक रोगी लपवू लागले. साथ अशी दोन बाजूंनी नुकसान करते. एकीकडे ती खाटा आणि डॉक्टर अडवते, दुसरीकडे उपचारावरचा विश्वास मोडते. खाटा साथ ओसरल्यावर रिकाम्या होतात, विश्वास मात्र तितक्या लवकर भरून येत नाही.

१९१८ चा इन्फ्ल्युएन्झा जूनमध्ये मुंबईत आला. सप्टेंबरमध्ये त्याची दुसरी, जीवघेणी लाट उठली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. रेल्वेच्या वाटेने साथ आत पसरली. साऱ्या हिंदुस्थानात सव्वा ते पावणेदोन कोटी माणसे गेली असावीत असा अंदाज आहे. एवढ्या आकड्यापुढे मोडलेल्या हाडांची नोंद कोण ठेवणार?

गंमत अशी, की अस्थिशल्यशास्त्राची स्वतंत्र ओळख नेमकी याच वर्षांत तयार होत होती. पहिल्या महायुद्धात मांडीचे हाड मोडलेल्या सैनिकांपैकी सुरुवातीला दहांत आठ मरत. रॉबर्ट जोन्स यांच्या आग्रहाने रणांगणावरच 'थॉमस स्प्लिंट' ही लोखंडी चौकट बांधण्याची रीत सुरू झाली आणि मृत्यूंचे प्रमाण दहांत दोनपर्यंत उतरले. ही चौकट बनवणारे ह्यू ओवेन थॉमस हे जोन्स यांचे नातेवाईक. त्यांचे घराणे वेल्समधल्या हाडवैद्यांचे होते. म्हणजे आधुनिक अस्थिशास्त्राच्या एका मोठ्या साधनाचे मूळ हाडवैद्यांच्या घरातच सापडते.

ज्या साथीने सर्जन घडवले

आतापर्यंतच्या साथींनी हाडाच्या रोग्याकडून काही ना काही हिरावून घेतले. एका साथीने मात्र उलटे केले. ती साथ पोलिओची.

पोलिओचे विषाणू शरीरात गेलेल्या सुमारे दोनशे जणांपैकी एकाला लकवा होतो. मज्जारज्जूतील पेशी मरतात, स्नायू लुळे पडतात, सांधे आखडतात आणि वाढत्या वयात हाडे वाकडी होतात. जीव वाचतो, पण पाय जातो. असे मूल हे साथीच्या रोगांच्या डॉक्टरचे काम संपल्यावर उरलेले काम असते आणि ते हाडांच्या डॉक्टरकडे येते.

मुंबईत फातिमा इस्माईल यांच्या मुलीला पोलिओ झाला. उपचारांसाठी वणवण केल्यावर त्यांनी स्वातंत्र्याच्या सुमारास इतर मुलांसाठीही केंद्र सुरू केले. त्यातून हाजी अलीजवळ मुलांचे ऑर्थोपेडिक हॉस्पिटल उभे राहिले. त्याच परिसरात १९५५ मध्ये अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था निघाली. चांगल्या स्नायूचा कंडरा काढून लुळ्या स्नायूच्या जागी जोडणे, आखडलेला सांधा सोडवणे, डळमळता सांधा कायमचा जोडून टाकणे, कॅलिपर बसवणे अशा कामांवर आपल्याकडच्या अस्थिशल्यचिकित्सकांच्या दोन पिढ्यांचे हात घडले.

पोलिओने आणखी एक गोष्ट दिली. १९५२ मध्ये कोपनहेगनमध्ये पोलिओच्या साथीत श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रोग्यांना बियॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने घशाला भोक पाडून, नळी घालून, हाताने फुगा दाबून श्वास देण्याचा मार्ग काढला. यंत्रे नव्हती, म्हणून सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने फुगे दाबले. अतिदक्षता विभागाचा हा आरंभ. शस्त्रक्रियागृहातला भूलतज्ज्ञ साथीच्या रोग्याकडे ओढला गेला, तो असा. २०२० मध्ये शस्त्रक्रिया का थांबल्या, याचे अर्धे उत्तर येथे आहे.

भारतात पोलिओचा शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजी आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त ठरला. पोलिओ सरत गेला तसे अस्थिशल्यचिकित्सक रस्त्यावरच्या अपघातांकडे आणि सांधे बदलण्याकडे वळले.

२०२०: शस्त्रक्रिया का थांबल्या?

महाराष्ट्रातील कोविडचे पहिले रोगी ९ मार्च २०२० रोजी पुण्यात सापडले. १३ मार्चला राज्याने तोच १८९७ चा साथरोग कायदा लागू केला. केंद्राने तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याची सूचना दिली आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे तळ आहेत. मुंबईत बंदोबस्त करून परतलेल्या काही जवानांना एप्रिल-मे मध्ये संसर्ग झाल्याचे आढळले. शिरूर तालुक्यातील रांजणगाव आणि दौंडमधील कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींची चाके थंडावली.

कोविड हा फुप्फुसांचा रोग. मग गुडघ्याची शस्त्रक्रिया का थांबावी? कारणे चार आहेत. पहिले, खाटा आणि प्राणवायू. दुसरे, भूलतज्ज्ञ आणि श्वासयंत्रे. ती कोविड विभागाला हवी होती. तिसरे, रोग्याला असलेला धोका. २४ देशांतील २३५ रुग्णालयांच्या २०२० मधील अभ्यासात, शस्त्रक्रियेच्या सुमारास कोविड झालेल्या ११२८ रोग्यांपैकी २३.८ टक्के तीस दिवसांत दगावले. चौथे, सर्जनला असलेला धोका. घशात नळी घालताना बारीक तुषार उडतात, हाडाला ड्रिल आणि करवत लावतानाही उडतात. वुहानमधील आठ रुग्णालयांतील २६ अस्थिशल्यचिकित्सकांना सुरुवातीच्याच काळात संसर्ग झाल्याची नोंद आहे.

त्याच वर्षी केलेल्या एका अंदाजानुसार, साथीच्या कडक बारा आठवड्यांत जगभरातील २ कोटी ८४ लाख नियोजित शस्त्रक्रिया रद्द किंवा लांबणीवर पडणार होत्या. त्यात सर्वांत मोठा वाटा हाडांच्या शस्त्रक्रियांचा होता: ६३ लाख. भारताचा आकडा पाच लाख ऐंशी हजारांच्या वर होता. हा गणिती अंदाज आहे, मोजणी नव्हे, हे वर्गात सांगताना विसरू नये.

दुखापतींचे चित्रही बदलले. देशात २०१९ मध्ये ४,४९,००२ रस्ते अपघात झाले होते, २०२० मध्ये ३,६६,१३८. जखमींची संख्या साडेचार लाखांवरून साडेतीन लाखांच्या आत आली. पुणे-नगर रस्त्याकाठी राहणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. पण घरात घसरून मोडणारा म्हाताऱ्यांचा खुबा टाळेबंदी पाळत नाही. झाडावर चढणारी मुलेही पाळत नाहीत.

अशा वेळी डॉक्टरांनी जुन्या पेटाऱ्यातील हत्यारे बाहेर काढली. ब्रिटनमधील अस्थिरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मार्च २०२० मध्येच सांगितले, की जेथे भागेल तेथे शस्त्रक्रियेऐवजी प्लॅस्टरवर भागवा. मनगटाला प्लॅस्टर, मांडीला वजन लावून ताण, तपासणीला फोन. आपल्याकडे दूरवैद्यकाचे नियम २५ मार्च २०२० रोजी जाहीर झाले. प्लेट आणि खिळे बसवण्यात हात बसलेल्या तरुण सर्जनला चांगले प्लॅस्टर घालणे ही वेगळी विद्या आहे, हे पुन्हा उमगले.

साथीने जाता जाता हाडांवर आणखी एक खूण ठेवली. तीव्र कोविडमध्ये स्टेरॉइडने जीव वाचतात, हे जून २०२० मध्ये सिद्ध झाले. पण स्टेरॉइडने, विशेषतः जास्त मात्रेत, मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठा तुटून ते आतून कुजू शकते. २००३ च्या सार्सनंतर हे दिसले होतेच. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी कोविडनंतरचे असे तीन रोगी २०२१ मध्ये नोंदवले. म्हणून कोविडसाठी स्टेरॉइड घेतलेल्या माणसाची जांघ दुखू लागली तर ते अंगावर काढू नये.

शिकणाऱ्या हातांचे काय?

आता शिक्षकांच्या जिव्हाळ्याचा भाग. अस्थिशल्यशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण तीन वर्षांचे, म्हणजे ३६ महिन्यांचे. निवासी डॉक्टर आधी पाहतो, मग मदतीला उभा राहतो, मग वरिष्ठांच्या नजरेखाली स्वतः करतो आणि शेवटी एकट्याने करतो. हाडवैद्याचा मुलगा बापाचा हात पाहून शिकतो, त्यापेक्षा ही रीत पुष्कळ शिस्तबद्ध आहे, पण गाभा तोच. सुतारकामाप्रमाणे हे हाताचे शिक्षण आहे.

२०१९ च्या उन्हाळ्यात प्रवेश घेतलेल्या डॉक्टरचा हिशोब करून पाहा. मार्च २०२० ते २०२२ चा आरंभ, म्हणजे त्याच्या ३६ महिन्यांपैकी जवळजवळ २४ महिने साथीत गेले. त्याला पाळीपाळीने कोविड विभागात काम करावे लागले. नियोजित शस्त्रक्रिया थांबलेल्या, अंतिम परीक्षा पुढे गेलेल्या. तिकडे १८ एप्रिल २०२१ ला ठरलेली पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा ११ सप्टेंबरला झाली. आरक्षणाच्या खटल्यात प्रवेशप्रक्रिया अडकली आणि ती सुरू झाली ७ जानेवारी २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर. तीन वर्षांच्या तीन तुकड्यांवर चालणाऱ्या विभागात पहिल्या वर्षाची तुकडीच कित्येक महिने आली नाही, तर उरलेल्यांवर काय भार पडेल, हे त्रैराशिक कोणालाही मांडता येईल.

व्याख्याने पडद्यावर आली. त्याचा फायदा झाला, दूरच्या नामवंतांचे ऐकता आले. पण प्लॅस्टर ओले असताना तळहाताने किती दाबायचे, हे पडद्यावरून हाताला कळत नाही. दुसऱ्या बाजूने असेही म्हणता येईल, की ही पिढी प्राणवायूची पातळी वाचायला आणि अत्यवस्थ रोगी सांभाळायला शिकली आणि शस्त्रक्रिया केव्हा करू नये हेही शिकली. सर्जनला ही विद्या कमी महत्त्वाची नाही.

पण शिरूर-दौंडला याचे काय, असे कोणी विचारील. तालुक्याच्या गावात दवाखाना काढणारा अस्थिरोगतज्ज्ञ काही वर्षांपूर्वी पुण्या-मुंबईसारख्या शहरात निवासी डॉक्टर असतो. शहरातील शिक्षणात पडलेली खोट तालुक्यात काही वर्षांनी पोचते, तीही न सांगता. ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयासाठी २०१२ च्या राष्ट्रीय मानकांनी सर्जन, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ धरले होते. अस्थिरोगतज्ज्ञ त्यांत नव्हता. म्हणजे ग्रामीण भागात हाडांचा आधार मुळातच बारीक. एक माणूस कोविडकडे गेला की मागे कोणी नाही. १८१८ च्या छावणीतील सूत्र ते हेच.

यावर एक पाऊल साथीच्याच काळात पडले. सप्टेंबर २०२० च्या अधिसूचनेने पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयांत काम करणे आवश्यक केले. त्यातून तालुक्याला किती मिळेल, हे त्या तीन महिन्यांत विद्यार्थ्याच्या हाताला काय काम आणि शेजारी कोण शिकवणारा मिळतो, यावर अवलंबून राहील. वर्ग, फळा आणि मुले असून शिक्षक नसला तर काय होते, ते आपल्याला ठाऊक आहे.

वर्गात काय करता येईल?

एक. फूटपट्टी, जुने वर्तमानपत्र आणि रुमाल घेऊन हाताला आधार कसा बांधायचा, ते मुलांकडून करून घ्यावे. बांधल्यावर नख दाबून सोडायला सांगावे. पांढरे झालेले नख साधारण दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवे. बोटे थंड, पांढरी किंवा बधिर पडली, हलेनाशी झाली किंवा वेदना वाढतच चालल्या, तर बांधलेले सैल करून ताबडतोब डॉक्टर गाठायचा. बांधणारा हाडवैद्य असो वा सर्जन, हा नियम एकच. घट्ट पट्ट्यांखाली रक्त अडले तर काही तासांत स्नायू मरतात आणि हात कायमचा आखडतो.

दोन. एका कागदावर दोन समांतर रेषा काढाव्यात. एकीवर हाड सांधण्याचे आठवडे, दुसरीवर २०२० च्या टाळेबंदीचे आठवडे. २५ मार्चला हाड मोडले तर मेच्या अखेरीस ते कोणत्या अवस्थेत असेल, हे मुलांना शोधू द्यावे.

तीन. मुलांनी घरातील मोठ्यांना विचारावे: टाळेबंदीत कोणाचे हाड मोडले होते का? कोठे नेले? किती दिवसांनी? आज तो हात पूर्ण उचलतो का? नावे न लिहिता फक्त दिवस आणि परिणाम यांचा तक्ता करावा.

कॉलऱ्याची पत्रे छापली गेली, प्लेगचे आणि १९१८ चे आकडे छापले गेले. त्या दिवसांत मोडलेल्या हाडांची मोजदाद मात्र त्यांच्याबरोबर झाली नाही. २०२० मध्ये हात-पाय मोडलेली माणसे आपल्या गावात आज चालत-फिरत आहेत. एखाद्या शाळेने असे वीस-पंचवीस प्रसंग जमवले, तरी या साथीच्या इतिहासाचे एक पान शिरूर-दौंडच्या मुलांच्या हाताने लिहिले जाईल.